पूनमच्या नंबरावर

काळेवाडीच्या वाचनालयात कॉम्प्युटरवर बसायचं तर कार्ड पाहिजे, आणि कार्डाला शाळेचा नाहीतर कंपनीचा कागद. ज्ञानेशनं नववीतच शाळा सोडलेली, काम कुठं टिकत नव्हतं. मग वाचनालय सांभाळणारे प्रभाकर सर चहाला गेले की तो मावसबहीण पूनमच्या कार्डाचा नंबर टाकून बसायचा. पूनम चाकणला कंपनीत पॅकिंग करायची आणि बाहेरून दहावीला बसली होती. घरात एकच फोन, तोही भावाच्या खिशात. गणिताचे व्हिडिओ बघायला तिला हा कॉम्प्युटर तेवढा होता.

मागच्या आठवड्यात ज्ञानेशनं क्रिकेटच्या सट्ट्याची साईट उघडली, तर समोर आलं, 'हे पान बंद आहे.' त्याचं डोकंच सरकलं. मला अडवतो व्हय? भाषांतराच्या साईटमधून वळसा घालून त्यानं तेच पान उघडलं आणि सर येईपर्यंत भाव बघत बसला.

आज पूनम आली तर सरांनी सगळ्यांसमोर हाक मारली.

"पूनम, सट्टा खेळतेस? तुझ्या नंबरावर निघालंय. कार्ड बंद."

"मी? न्हाई ओ सर, आईशप्पथ."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलतो का?"

पेपर वाचणारे म्हातारे चष्म्यावरनं बघायला लागले. पूनमनं कोपऱ्यात बसलेल्या ज्ञानेशकडं बघितलं. तिला कळलं होतं, तरी ती नाव घेईना. तो उठून उभा राहिला.

"सर, मी केलं ते."

"बस खाली. तुझं तर कार्डच नाही. बहिणीचा लई पुळका आलाय! इंजिनिअरनं बंद केलंय ते पान, तुला उघडायला जमतंय व्हय?"

झालं. ज्ञानेशचं टाळकं परत फिरलं. त्यानं चालू कॉम्प्युटरपुढं खुर्ची ओढली, खटाखट बटणं दाबली आणि सट्ट्याचं पान सरांच्या नाकासमोर उघडलं.

"हे बघा! जमतंय का?"

एक म्हातारा खुदकन हसला. सर हसले नाहीत. "तुझी चूक नाही गं पूनम," म्हणाले, आणि कॉम्प्युटरमागं वाकून त्यांनी नेटची वायर उपसली. "पोरांना नेट नकोच. वर कळवतो तसं."

"सर, माझी परीक्षा तोंडावर आलीय..."

"मी काय करू? त्याला विचार."

बाहेर आल्यावर ज्ञानेश म्हणाला, "पुने, मी खरं सांगितलं ना?"

"व्हय. सांगून गप बसायचं होतं की. करून कशाला दाखवलंस?"

"मी शिकवतो तुला गणित," तो बोलून गेला.

पूनम हसलीसुद्धा नाही. शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं. कंपनीची बस आली, ती चढली, आणि खिडकीकडं पाठ करून बसली.