वैशाखातलं जाकीट

बाळकुमच्या दौलतला दोन मुलींनी नाकारलं होतं आणि दोन्हीकडून निरोप एकच आला होता: पोरगा किडकिडीत आहे. वर्तकनगरच्या कारखान्यात दिवसभर लोखंड उचलणाऱ्याला हे किती लागतं, ते फक्त किडकिडीत माणसालाच कळतं. आता मानपाड्याच्या शकूला बघायला जायचं होतं. तिला त्यानं एका हळदीत नाचताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनंही नकार दिला, तर तो पुन्हा कुणाची पायरी चढणार नव्हता. म्हणून त्यानं ठरवलं, लेदरचं जाकीट शिवायचं!

साल एक्क्याण्णव, महिना वैशाखाचा. पण हौसेला मोल नसतं आणि दौलतच्या मते तिला ऊनही लागत नाही.

कल्याणच्या मारुती जाकीटवाल्याकडे तो गेला, तेव्हा आई जाईबाईही सोबत होती. तिचं सगळं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं. मारुतीनं दोन चामडी पुढ्यात टाकली. एक मेंढीचं, पातळ आणि मऊ. दुसरं म्हशीचं, जाड, काळंभोर.

"उन्हाळ्यात घालायचं तर मेंढीचंच घ्या," मारुती म्हणाला. "आत सुती अस्तर लावतो, घाम जिरेल. म्हशीच्यात उकडून निघाल."

जाईबाईनं मेंढीच्या चामड्यात अंगठा रुतवला, सोडला आणि चामडं नाकाशी नेलं. बाजारात ती पापलेट असंच पारखायची. दाबलेलं मांस लगेच वर आलं की मासा ताजा.

"योच घे रं. ती म्हस तं नुसता दगड हाय."

पण मेंढीचं अंगावर धरलं, तर आरशात खांद्याचं हाडन् हाड दिसत होतं. म्हशीचं धरलं आणि आरशात पैलवान उभा राहिला. मग काय, विषयच संपला.

"आये, तुला यातलं काय कलत नाय."

"बरं," म्हणत जाईबाईनं मेंढीचं चामडं मारुतीकडे परत सरकवलं.

मानपाड्याला भर दुपारी शकूच्या वडिलांनी, गुणाजींनी, जाकीट चढवून आलेल्या दौलतला आणि जाईबाईला खुर्च्या दिल्या. दौलतचा घाम मानेवरून निघून थेट कमरेला पोचत होता.

"गरम होतंय का?" गुणाजींनी विचारलं.

"छे, सवय हाय."

शकू पाण्याचा तिसरा तांब्या घेऊन आली. तीही डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. तिनं तांब्या ठेवला, जाकिटाच्या खांद्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. खांदा खपकन आत गेला आणि आतच राहिला.

"मावशी," तिनं जाईबाईला विचारलं, "यात मानूस किती न् म्हस किती?"

जाईबाई पदरात तोंड घालून हसली. दौलतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं जाकीट काढून टाकलं. भिजलेला सदरा अंगाला चिकटला होता, बरगड्या मोजून घ्याव्यात. आता नकार नक्की, असं मनाशी म्हणून तो खाली बघत बसला.

शकूनं त्याला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. मग कोपऱ्यातला टेबलफॅन उचलून त्याच्यासमोर आणून ठेवला.

"बाबा, ताजा हाय," ती म्हणाली. "बर्फातला नाय."

जाईबाईनं लगेच सौदा पक्का केला. "वजनाला कमी भरतो गं बाय, पन वर ही म्हस फुकट!"