पहिल्या नंबरची नऊवारी

जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी गर्दी गणपतीत प्रसादालाही होत नाही. भिंतीवर पडदा, पडद्यावर गूगल आणि गूगलसमोर पांढऱ्या कुर्त्यातले नीलकंठजी. हे गृहस्थ कोणत्याही दुकानाची वेबसाइट पहिल्या नंबरवर आणून देत. कशी, ते विचारायचं नसे. "शब्द में शक्ति होती है," एवढं म्हणून ते डोळे मिटत.

प्रत्येक दुकानाला ते एक 'सिद्ध वाक्य' देत. ते वेबसाइटवर जागोजागी लिहायचं आणि रोज आंघोळ करून आपल्याच मोबाइलवर शोधायचं. आंघोळीशी गूगलचा काय संबंध, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर पुढच्या रांगेतल्या बाईंनी चपला काढून हात जोडले होते.

त्या दिवशी चमत्कार माझ्या शेजारीण शरयूताईंवर होणार होता. शरयूताई घराच्या पुढच्या खोलीत शिवलेल्या नऊवारी साड्या विकतात. नेसायची कटकट नाही, सलवारीसारखी चढवली की झालं. काम सुरेख, पण गिऱ्हाईक आटलं होतं. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा अक्षत म्हणत होता, हा सीझन बघ, नाहीतर दुकान बंद करून इकडे ये. शरयूताईंना जायचं नव्हतं. मुलाच्या घरी त्या पाहुण्या, इथे दारावर त्यांच्या नावाची पाटी. मला त्यांची काळजी वाटत होती, म्हणून मी हसू आवरून बसलो.

आठवड्यापूर्वी त्यांच्या वेबसाइटवर लिहवून घेतलेलं सिद्ध वाक्य नीलकंठजींनी टाइप केलं: "जबलपूरनिवासी मराठी कुलस्त्रियांसाठी परंपरासिद्ध नऊवारी वस्त्रशिवणकला." शरयूताईंची वेबसाइट सगळ्यांत वर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमचे अध्यक्ष विष्णुपंत तर गहिवरलेच. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आमच्या मराठीत निम्मी हिंदी मिसळली आहे, आणि त्याची आम्हाला मनातून लाज वाटते. अशा माणसांना खुद्द गूगल शुद्ध मराठीत उत्तर देतंय म्हटल्यावर पुढचं कोण विचारणार? नीलकंठजींनी आमची नेमकी नस पकडली होती.

शरयूताई नेमानं वाक्य टाइप करू लागल्या. पहिला नंबर ढळला नाही आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही. नीलकंठजींनी निदान केलं की श्रद्धा कमी पडते आहे, वर्षभराचं अनुष्ठान घ्या. नव्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यासाठी द्यायला शरयूताई तयार झाल्या. तेव्हा मात्र माझा धीर सुटला आणि मी एकताकडे गेलो. एकता कॉलेजात गणित शिकवते, आमच्याच गल्लीत वाढलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, पोटभर हसली आणि पुढच्या सभेपर्यंत काही बोलू नका म्हणाली.

पुढच्या सभेत नीलकंठजी अनुष्ठानाचं महत्त्व सांगत होते, तेवढ्यात एकता उठली. "सर, एक वाक्य मीपण सिद्ध केलं आहे. जरा टाइप करता?" सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? तिनं सांगितलं आणि त्यांनी लिहिलं: "विष्णुपंतांच्या गच्चीवर तिरप्या दोरीला वाळणारे निळे धोतर."

पहिल्या नंबरवर एकताचा ब्लॉग! सभागृह खदखदून हसलं. आपलं धोतर पांढरं असतं, अशी विष्णुपंतांनी नोंद करून दिली.

"हे वाक्य मी मागच्या आठवड्यात लिहिलं," एकता म्हणाली. "जगात दुसऱ्या कोणी लिहिलंच नाही, मग दुसऱ्या कोणाचा नंबर येईल? शर्यतीत आपण एकटेच पळून राहिलो."

"पर पहला नंबर तो आया न, मैडम?" नीलकंठजींनी विचारलं.

"आला. आता ते वाक्य शोधतं कोण, ते पाहू."

तिनं पडद्यावर एक कीवर्ड टूल उघडलं. लोक महिन्याला कोणते शब्द किती वेळा शोधतात, याचा अंदाज त्यात दिसतो. धोतराच्या वाक्यापुढे शून्य. शरयूताईंच्या सिद्ध वाक्यापुढेही शून्य. त्यांचा रोजचा आंघोळीनंतरचा नेमसुद्धा त्या हिशेबात दिसण्याइतका नव्हता.

मग एकता शरयूताईंकडे वळली. "काकू, नळ बिघडला तेव्हा मोबाइलवर काय टाकलं होतं?"

"नल ठीक करने वाला, गोरखपुर."

"जलव्यवस्थातज्ज्ञ काहून नाही टाकलं?"

शरयूताईसुद्धा हसल्या. एकतानं टूलमध्ये 'मराठी साड़ी' लिहिलं, तशी खाली लोकांच्या तोंडच्या शब्दांची रांग लागली: मराठी साड़ी सिली हुई, लावणी ड्रेस, मराठी साड़ी किराये पर. शोध शेकड्यांनी, आणि शाळांची संमेलनं आली की वाढणारे. शरयूताईंचं हसू मावळलं. किरायानं? त्यांच्या हातच्या लुगड्याला किराया? मला वाटलं, आता या उठून जाणार.

"खरंच लोक हे शोधून राहिले?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो काकू. आपण त्यांना सापडतच नाही."

तोवर नीलकंठजींना सभागृहातली ऊर्जा बिघडल्याचं जाणवलं होतं. त्यांनी प्रोजेक्टर आवरला आणि दुसऱ्या शहरातलं शिबिर आठवून ते निघाले. त्यांना निरोप द्यायला कोणी उठलं नाही.

शरयूताई काही दिवस धुसफुसत राहिल्या. मग एकताला बसवून वेबसाइट साध्या हिंदीत लिहून घेतली, शिवलेली नऊवारी कशी चढवायची त्याचे फोटो लावले आणि साड्या किरायानंही मिळतील असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. पहिला नंबर काही आला नाही. बऱ्याच दिवसांनी चौथा आला. पण शहराच्या रांझी भागातून एका शाळेच्या मास्तरीणबाईंचा फोन आला, संमेलनात नाचणाऱ्या मुलींसाठी. त्यामागून आणखी आले. अक्षतला त्यांनी सांगून टाकलं, "मी नाही येत रे. माझं दुकान चालून राहिलं इथे." ते ऐकून मला फार बरं वाटलं.

मंडळी, गूगल देव नाही आणि त्याला मंत्र लागत नाही. कोणी पहिला नंबर दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे शब्द कोण शोधतं, आणि शोधणाऱ्यांतलं कोणी दुकानात आलं का? उत्तर देताना समोरच्यानं डोळे मिटले, तर आपण उघडे ठेवावेत.