रावस वाजणारं घड्याळ

मुगभाटातल्या तात्या खोपकरांच्या गॅलरीत इतकी घड्याळं टिकटिकत असत, की समोरच्या पिंपळावरची कबुतरं बाराला जेवायला उठून जात आणि दोनला परत येत. हे तात्याच सांगत, तेव्हा थोडं इकडेतिकडे धरून चाला. दीडलाच येत असतील.

तात्यांनी फोर्टातल्या एका विमा कचेरीत जन्मभर कारकुनी केली. घड्याळदुरुस्ती हा त्यांचा धंदा नव्हे, नाद होता. धंदेवाल्यात आणि नादिष्टात फरक असा, की धंदेवाला बिघडलंय तेवढंच बघतो. नादिष्टाने घड्याळ उघडलं की आतल्या अख्ख्या खानदानाला आंघोळ घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तात्या फक्त चावीची घड्याळं घेत. सेलवालं कोणी आणलं तर "हे रेडिओवाल्याकडे न्या" म्हणून जिन्यावरूनच परत. मोबदला एकच, घड्याळ न्यायला येणाऱ्याने बसून एक गोष्ट ऐकायची. एकदा म्हणे एका घड्याळात मुंग्यांचं वारूळ निघालं. तात्यांनी ते साफ केलं तर घड्याळ मागे पडायला लागलं, कारण इतकी वर्षं चाकं मुंग्याच ढकलत होत्या.

"लोक पैसे देऊन सुटायला तयार आहेत हो," त्यांच्या पत्नी कालिंदी आतून म्हणत, "तुम्हीच सोडत नाही."

या घरी मासळी येई ती वरळी कोळीवाड्यातल्या गुणवंतीकडून. पाटी उतरवायची, कालिंदीशी भांडायचं, चहा प्यायचा, पाटी उचलायची, असा तिचा शिरस्ता. त्या दिवशी मात्र तिने पाटीवरचं फडकंसुद्धा काढलं नाही. कमरेच्या पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि तात्यांच्या टेबलावर ठेवली.

"तात्या, याच्यात जीव घाला."

आत जुनं चावीचं एचएमटी होतं. काच ओरखड्यांनी आंधळी झालेली, पट्टा खाऱ्या पाण्याने वातड.

"नाखवांचं?" तात्यांनी विचारलं. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, गुणवंतीचा नवरा तुळशीदास. त्याची बोट विकून बरीच वर्षं झाली होती, पण हाक तीच राहिली होती.

"त्यांचंच. आता त्यांना काय आठवत नाय, ठावंच हाय तुमाला. मना मावशी म्हनतात. पोराला इचारतात, तू कुनाचा? पन हे घड्याल वलखायचे. चार वाजले का उठायचे, दारात जाऊन बसायचे. पहाटेचे का दुपारचे, त्यांना सारकंच. मी म्हनायची, आज वारा हाय नाखवा, बोट नाय जात. का गप येऊन जेवायचे, झोपायचे."

"आणि आता?"

"आता ते बंद पडलं. हातात धरून बसून राहतात. म्हनतात, अजून वाजला नाय. घास तोंडात घेत नाय, डोला मिटत नाय. येल चुकंल म्हनतात."

कालिंदी चहाचा कप हातात घेऊन दारातच थबकल्या. कोलंबीचा भाव विचारायचा राहून गेला.

"गुणवंती," तात्या म्हणाले, "हे घड्याळ मी असं करून देतो, की नाखवा बघतच राहतील."

हे मात्र अक्षरशः खरं झालं.

तात्यांनी आयग्लासचं भिंग डोळ्याला लावलं आणि मागचं झाकण उघडलं. रोग साधा होता. तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. धुऊन पुसून नवं तेल दिलं असतं तर घड्याळ संध्याकाळपर्यंत चालू झालं असतं. पण तात्या नादिष्ट, शिवाय जीव लावणारे. त्यांनी चाकन् चाक पेट्रोलच्या वाटीत बुडवलं. खाचांतला मळ लाकडी काडीने कोरून काढला. डबीवर पॉलिश मारलं. पट्टा नवा, चामड्याचा, स्वतःचा ठेवणीतला. काच तर बदलायलाच हवी होती. एक तर आंधळी, त्यात चाराच्या आकड्यावर आतून नखाएवढा पिवळट कचरा चिकटलेला. तात्यांनी लालबागला एका जुन्या घड्याळवाल्याकडे पायपीट करून त्याच मापाची कोरी काच पैदा केली आणि ती बसवून जुनी सुक्या कचऱ्यात टाकली. कचऱ्याची गाडी आली आणि गेली.

गुणवंती आली तेव्हा तात्यांनी घड्याळ मखमलीच्या तुकड्यावर मांडून ठेवलं होतं. बाजूला तिच्यासाठी गोष्टही तयार.

गुणवंतीने ते हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं.

"हे कुनाचं?"

तात्या खुशीत हसले. "तुमचंच! ओळखलं नाहीत ना? हीच तर गंमत."

ती हसली नाही. तिने अंगठा काचेवर चाराच्या आकड्याशी नेला. "हितं खवला व्हता."

"कसला खवला?"

"रावसाचा. आमचं लगीन झालं त्या वर्सी बोटीवर काच निघाली व्हती. वल्या हातानं त्यांनी दाबून बसवली, तवा आत रावसाचा खवला ऱ्हायला. चार दिसायचेच नाय. तवापासून म्हनायचे, माझ्या घड्यालात चार नाय वाजत, रावस वाजतो. पोरांना त्येच शिकवलं. तीन वाजले, मग रावस वाजला, मग पाच." ती थांबली. "मी तुमाला सांगायला पायजे व्हतं. पन काच कशाला कोन काढंल? काच तर फुटली नवती."

गॅलरीत सगळी घड्याळं एकदम मोठ्याने वाजायला लागली, असं तात्यांना वाटलं. तयार ठेवलेली गोष्ट जिभेवरच वाळली.

"बघते घालून," गुणवंती म्हणाली. "चालतंय तर खरं."

दुसऱ्या दिवशी ती आली ती पाटी न घेताच. घड्याळ टेबलावर ठेवलं.

"हातातून काढून मना परत दिलं. म्हनाले, ज्याचं हाय त्याला दे मावशी, शोधत असंल बिचारा."

ती गेल्यावर कालिंदींनी घड्याळ उचलून कोऱ्या काचेवरून बोट फिरवलं. त्या म्हणाल्या, "नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे गेली असती तर आळशी मेल्याने काचेला हात लावला नसता."

"मी प्रेमाने केलं गं."

"तेच म्हणते मी."

मग तात्यांनी गाठलं दादरचं मासळी मार्केट. आयुष्यात कधी भाजीची पिशवी न धरलेला माणूस अख्खा रावस घेऊन घरी आला. त्याचे खवले आयग्लासखाली धरून एक निवडला, बशीत वाळवला, चहाच्या पाण्याने पिवळसर केला, आणि काच काढून आतून चाराच्या आकड्यावर चिकटवला. हे करताना चाळीतली तीन मांजरं गॅलरीत रांगेने बसून होती आणि एकाने चुकलेली जागासुद्धा पंजाने दाखवली, असं तात्या एरवी नक्की म्हणाले असते. यावेळी कोणालाच काही म्हणाले नाहीत. घड्याळ घेऊन स्वतःच वरळीला निघाले.

कोळीवाड्यातल्या अरुंद गल्लीत, जाळ्यांच्या ढिगाशेजारी, दारातल्या बाकड्यावर तुळशीदास बसला होता. एके काळच्या दांडग्या देहाला आता शर्टसुद्धा ढगळ होत होता. त्याने घड्याळ घेतलं, उजेडाकडे तिरकं धरलं आणि पाहत राहिला.

"खवला रावसाचा हाय," तुळशीदास म्हणाला. "पन नवा हाय."

मग त्याने तात्यांचा हात ओढला, ते घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं आणि पट्टा नीट अडकवला. लहान मुलाची गुंडी लावावी तसा.

"चांगलं हाय तुझं घड्याल. जप. माझं कुटं दिसलं तर सांग. त्याच्यात चार नाय वाजत."

"रावस वाजतो," तात्या म्हणाले.

म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. "तुला कसं ठावं? तू बगितलंस?"

खरं सांगायचं तात्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी त्यांनी तोंड उघडलंही. पण इतकी वर्षं त्या तोंडातून जे येत आलं होतं, तेच बाहेर आलं.

"बघितलं ना नाखवा. रावसाने गिळलंय ते."

दारातली गुणवंती दचकली. तुळशीदास मात्र पुढे सरकला. "कुटल्या?"

"मोठा आहे. पाठीवर जुन्या गळाची खूण आहे."

"तो! तो हरामखोर मना ठावं हाय. खडकाच्या आंगाला असतो."

"तिथेच. पोटात घड्याळ चालू आहे त्याच्या. आसपासची मासळी त्याच्या टिकटिकीवर पोहायला लागलीये. पापलेटं सकाळी वेळेवर उठतात, बोंबील मात्र अजून उशिरा येतात."

"बोंबील आळशीच!" म्हातारा खदखदून हसला. पुष्कळ दिवसांनी हसल्यामुळे त्याला ठसका लागला. मग तो शांतपणे मागे टेकला. "म्हंजे घड्याल बंद नाय. लांब हाय, म्हनून ऐकू येत नाय."

"हो."

"मग घाई नाय," तुळशीदास म्हणाला आणि बायकोकडे वळला. "मावशी, काय असंल तर वाढ."

त्या दिवशी तो जेवला. तात्या गल्लीच्या टोकाला जाऊन भिंतीला धरून उभे राहिले. वाळत घातलेल्या सुकटाचा वास नाकात गेला म्हणून डोळ्यांना पाणी आलं, असं त्यांनी घरी सांगितलं. कालिंदींनी ते चालवून घेतलं.

त्यानंतर दर गुरुवारी तात्या वरळीला जाऊ लागले. जाताना ते घड्याळ हातात असे. रावस या आठवड्यात कुठे होता, कोणाच्या जाळ्यातून कसा निसटला, एका खेकड्याने त्याला वेळ विचारली तर तो काय बोलला, हे सगळं तुळशीदास मान डोलवत ऐके. चुकलं तिथे टोके. "भरतीला तिकडं पानी कुटं असतं? बावळट." तात्या सुधारून घेत. जन्मभर लोकांना बळेच गोष्टी ऐकवणाऱ्या या माणसाला पहिल्यांदाच असा श्रोता भेटला होता, ज्याला पुढचं खरोखर हवं होतं. आणि प्रत्येक वेळी परतताना वाटे, आपण याला ज्या खड्ड्यात ढकललं, त्याच खड्ड्यावर दर आठवड्याला नवी चटई अंथरतोय.

एका गुरुवारी तुळशीदासने त्यांना मध्येच थांबवलं.

"तू म्हातारा झालास रे," तो मायेने म्हणाला. "तुला नाय घावायचा तो. किती धावशील? आता मीच जातो."

"थांबा हो नाखवा. पुढच्या गुरुवारी नक्की."

"बरं," तो म्हणाला. पण तात्यांची समजूत काढल्यासारखा.

पुढच्या गुरुवारी तात्या गल्लीत वळले तेव्हा दारातलं बाकडं रिकामं होतं आणि बाहेर बऱ्याच चपला होत्या. गुणवंती आत नाखवांच्या उशाशी, भिंतीला टेकून बसली होती. बायकांनी तात्यांना वाट दिली.

"पहाटंला उठून बसले," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मना नावानं हाक मारली, तात्या. गुनवंते म्हनाले. रावस वाजला म्हनाले. हातात तर काय नवतं. मी म्हनलं, आज वारा हाय. तर म्हनाले, नाय, वारा पडला."

तात्यांनी घड्याळ हातातून सोडवायला घेतलं. पट्ट्याचं बक्कल सापडेना. सापडलं तेव्हा त्यांनी ते तिच्यापुढे धरलं.

गुणवंतीने क्षणभर पाहिलं आणि त्यांची मूठ हलकेच मिटवून दिली. "नको. तुमी वाईट नाय केलं. पन हे आमचं नाय."

हल्ली तात्या घड्याळ उघडण्याआधी माणसाला समोर बसवतात आणि विचारतात, "यातलं काय काढू नको, ते सांगा." लोक चक्रावतात. एका बाईने काट्याचा उडालेला रंग दाखवला, एका म्हाताऱ्याने पट्ट्यावरचा दाताचा व्रण. तात्या मान हलवतात आणि तेवढं सोडून बाकीचं करतात. मोबदल्याची गोष्ट आता सांगत नाहीत. कोणी आठवण केलीच तर म्हणतात, संपल्या.

ते एचएमटी मात्र त्यांच्याच हातात असतं. सकाळी न चुकता चावी देतात. चहाच्या पाण्याने रंगवलेला खवला आता खरोखरचा पिवळा पडू लागलाय.

"अहो, किती वाजले?" दुपारची झोप झाली की कालिंदी आतून विचारतात. "चहा टाकू का?"

तात्या मनगट उजेडाकडे तिरकं धरतात.

"रावस," ते म्हणतात.

आत स्टोव्हवर आधण चढतं.