झेंडूच्या माळेची तार

मित्रांनो, हसायचं नाही हं. मी एक जुना पाइप आहे. नळाचा नव्हे, मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचा. सध्या मुक्काम नाशिकमध्ये, सिडकोतल्या एका घराच्या ओट्यावर, खिळ्याला टांगलेला. माझ्या अंगावर चरे आहेत. ते ज्याने पाडले त्याचं नाव झुंबर. मोठी माणसं सांगतात, झालं गेलं विसरून जावं. सांगू देत. मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. झुंबरला मी अहो-जाहोसुद्धा करणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला कापलं, घासलं आणि शेवटी अंगावर असा मुलामा चढवला, की बघणाऱ्याला माझ्यात आपलं तोंड दिसावं. सोबत माझा जुळा भाऊ होता. तो गाडीच्या डाव्या बाजूला बसला, मी उजव्या. पुढच्या ब्रेकची चकती माझ्या बाजूला होती, म्हणून मी जरा तोऱ्यात असायचो.

आमचं काम काय, ते नीट ऐका. खाली एक जाड नळा असतो, त्यात स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की मी त्या नळ्यात बुडतो, खड्डा गेला की वर येतो. नळ्याच्या तोंडाशी रबराची एक कडी असते, तिला ऑइल सील म्हणतात. ती मला सगळ्या बाजूंनी घट्ट धरून पुसत राहते. तिच्यामुळे आतलं तेल बाहेर येत नाही आणि बाहेरची धूळ आत जात नाही. पण तिचा जीव तो केवढा! माझ्या अंगावर केसाएवढा ओरखडा उठला, तरी ती फाटायला लागते. म्हणून पाइपाने गुळगुळीत राहायचं असतं. दुसरं काही आमच्याकडून कुणी मागत नाही.

झुंबरने गाडी घेतली तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. अंबडच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. बायको विमलाबाई घरी शिलाई मशीन चालवायच्या, साड्यांना पिको-फॉल करून द्यायच्या. सुट्टीच्या दिवशी दोघं निघायचे. कधी मनमाडला आत्याकडे, कधी मालेगावला कापड बघायला, कधी सिन्नरला विमलाबाईंच्या माहेरी. वाटेतले खड्डे सगळे आम्ही दोघा भावांनी खाल्ले. विमलाबाईंच्या मांडीवर रश्शाचा डबा असायचा, त्यातला थेंब कधी सांडला नाही.

"अहो, गाडी कशी अलगद जाती," त्या म्हणायच्या.

"मग! चालवतंय कोण?" झुंबर म्हणायचा.

बघा! खड्डे खायचे आम्ही आणि कॉलर ताठ करायची याने. तिथपासूनच माझ्या मनात त्याच्याविषयी अढी बसली.

पाथर्डी फाट्यावर चंदर नावाचा मिस्त्री होता. तो मधूनमधून सांगायचा, "झुंबरशेठ, पुढचं तेल काळं झालं असंल. एकदा शॉकअप उघडून बदलून टाकू." झुंबर हात झटकायचा. "अरे, शॉकअपचं तेल कुठं कुणी बदलतं? इंजिनात घातलं ना, बास झालं." वर्षं गेली. आतलं तेल काळंकुट्ट झालं, त्याला कुबट वास सुटला. त्यात बुडताना मला अक्षरशः मळमळायचं.

तरी हेही मी एक वेळ सोसलं असतं. माझं डोकं फिरलं ते दसऱ्यापायी.

दसऱ्याला गाड्या धुतात, त्यांना हळद-कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याही घरी होत असेल. झुंबरची पूजा गल्लीत सगळ्यात दणक्यात. आदल्या दिवशी तो टाकीला पॉलिश मारायचा, आरसे पुसायचा, चाकाची एकेक तार चमकवायचा. आणि माळ? दोऱ्याने बांधली तर ओघळते, असं त्याचं म्हणणं. म्हणून बांधकामावरची बारीक तार आणायचा. माळ दिव्यासमोर झुलवायची, तिचं एक टोक माझ्या भावाच्या गळ्यात, दुसरं माझ्या. तारेला पक्कडीने पीळ देऊन असा आवळायचा, की ती रुतलीच पाहिजे!

फुलं आठवड्यात सुकायची. तार दिवाळीपर्यंत तशीच राहायची. खड्डा आला की नळ्याचं तोंड तिला ढकलायचं आणि ती माझ्या अंगावरून करकरत जायची. झाला दसरा की पडला एक नवा चरा. ज्या दिवशी तो मला देव म्हणायचा, त्याच दिवशी माझा गळा आवळायचा. आणि गल्ली काय म्हणायची? समोरचे कारभारी काका, वयाने सगळ्यांत मोठे, ते दर वर्षी गल्लीतला पहिला नारळ झुंबरच्या गाडीपुढे फोडायला लावायचे. "गाडी जपावी तर झुंबरशेठनी," ते म्हणायचे. झुंबर लाजल्यासारखं करायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पाइपाला तळपाय नसतो म्हणाल, पण राग असतो!

शेवटी व्हायचं तेच झालं. सील झिजलं आणि मी गळायला लागलो. आधी नुसता ओलसरपणा, मग थेंब, मग सकाळी ओट्यापुढच्या फरशीवर डाग. डाग पुसायच्या विमलाबाई. त्या आपल्या शिलाई मशीनला नेमाने तेल घालणाऱ्या, त्यांना का कळणार नाही?

"अहो, पुढून तेल गळतंय. चंदरला दाखवा ना."

"जुनी गाडी हाय, विमल. एवढं चालतं. लोखंडालापण घाम येतो."

"आणि ब्रेक? काल फाट्यावर पुढचा ब्रेक लागलाच नाय. घसरत गेलो आपण."

"पुढचा ब्रेक मारायचाच कशाला? माणूस उलटतो. आपण मागचाच मारतो."

ऐकलंत? माझं तेल ओघळून ब्रेकच्या चकतीवर जात होतं आणि हा माणूस घामाच्या गप्पा मारत होता. त्या दिवशी मी ठरवलं, याचं उट्टं काढायचं. जागाही हेरून ठेवली. दसऱ्याला संध्याकाळी तो सिन्नरला सासरी सोनं द्यायला जायचा, परतताना मोहदरी घाट उतरायचा. तिथल्या उतारावर मागचा ब्रेक एकटा पुरत नाही. तिथे याला पुढचा ब्रेक दाबावाच लागला असता, आणि तिथेच मी याला लोळवणार होतो. दिवसचे दिवस मी त्याच विचारात दातओठ खात होतो.

दसरा उजाडला. गाडी धुतली, रांगोळी काढली, तार आवळली. त्याच वेळी विमलाबाई आतून आल्या. हिरवी साडी, हातात आपट्याच्या पानांची पिशवी. "संध्याकाळी आईकडं जायचंय ना? पिशवी इथंच ठेवते, विसराल नायतर," असं म्हणून त्यांनी ती माझ्याशेजारी हँडलला अडकवली. जाता जाता पदराने माझ्यावरचा तेलाचा ओघळ पुसला. नव्या साडीच्या पदराने!

माझा सगळा बेत कोसळला. मागच्या सीटवर त्या बसणार होत्या, हे रागाच्या भरात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. घाटात झुंबर पडला असता तर त्याही पडल्या असत्या. मला लोळवायचं होतं त्याला, त्यांना नाही. म्हणजे आता घाटाची वाट बघून चालणार नव्हतं. जे काय करायचं ते गाडी ओट्यापुढून निघायच्या आत.

संधी झुंबरनेच दिली. गल्ली जमली होती. पांढरीशुभ्र पँट घालून तो गाडीपुढे उभा. नारळ फुटला, कारभारी काकांनी नेहमीचं कौतुक केलं. मग याला चेव आला. गाडीवर बसला, पुढचा ब्रेक धरला आणि म्हणाला, "बघा काका, इतकी वर्षं झाली, शॉकअप अजून कंपनीच्यासारखे!" आणि हँडलवर सगळा भार टाकून त्याने मला खाली दाबलं.

एकदा दाबलं. तार सीलच्या तोंडाशी आली. दुसऱ्यांदा दाबलं. तारेचं टोक रबरात घुसलं. तिसऱ्यांदा त्याने उसळी मारून दाबलं, आणि मी ती तार अंगाशी धरून ठेवली, सोडलीच नाही. सील टरकलं! आत इतकी वर्षं कोंडलेलं तेल फस्सकन बाहेर आलं. काळं, घाणेरडं, सडक्या वासाचं. रांगोळीवर, कुंकवावर, फुटलेल्या नारळाच्या पांढऱ्या खोबऱ्यावर, आणि झुंबरच्या पँटवर मांडीपासून घोट्यापर्यंत. काय सांगू मित्रांनो, असा आनंद मला कारखान्यातून बाहेर पडल्यावरही झाला नव्हता.

गल्ली दोन पावलं मागे सरली. काका नाकाला रुमाल लावून म्हणाले, "झुंबरशेठ, हे काय हो? नाल्याचं पाणी हाय का काय?"

"काय नाय, काय नाय, जरासा घाम..." झुंबर पुटपुटला.

"घाम नाय तो," विमलाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "किती महिने झाले, सांगतेय मी. तेल ब्रेकवर उतरतंय. आज घाटात हे झालं असतं तर माझ्या आईच्या दारात सोनं पोचलं नसतं, निरोप पोचला असता. मी या गाडीवर बसणार नाय."

त्या पिशवी घेऊन निघाल्याच. झुंबर पँट बदलून मागे धावला. सिन्नरच्या यष्टीत त्या दिवशी काय गर्दी! तो उभ्याने गेला, असं नंतर कळलं. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चंदरने आम्हाला उघडलं. विमलाबाई मुद्दाम समोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. आतला चिखल परातीत ओतला, त्यात झेंडूच्या पाकळ्यासुद्धा निघाल्या. चंदरने मला पुसून उन्हात धरलं. अंगावर एकाखाली एक गोल चरे, जितके दसरे तितके. चंदरने त्यांच्यावरून नख फिरवलं. कर्र, कर्र, कर्र.

झुंबर रडवेला झाला. "मी तर हिला देवासारखी पुजली रे."

"पुजली," विमलाबाई म्हणाल्या. "जपली कधी?"



आम्ही दोघंही भाऊ बाद झालो. गाडीत नवे पाइप आले, नवं सील, नवं तेल, ब्रेकचे नवे पॅड. माझा भाऊ भंगारात गेला. हे दुःख मोठं आहे आणि तेही मी झुंबरला माफ करणार नाही. मला मात्र विमलाबाईंनी मागून घेतलं, जुन्या परकराच्या चिंधीत गुंडाळून घरी आणलं आणि ओट्यावरच्या खिळ्याला टांगलं. कशासाठी, ते मला वर्षभर कळलं नाही.

मग पुढचा दसरा आला. पाटावर पूजेला विळी, कोयता, पक्कड, शिलाई मशीनची कात्री मांडली होती. विमलाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि बरोबर मधोमध ठेवलं. गाडीची माळ त्यांनी स्वतः ओवली होती, मशीनच्या रिळाच्या दोऱ्यात, आणि ती हँडलला बांधली होती.

"आधी याला कुंकू लावा," त्या म्हणाल्या.

"अगं, लोकं बघतायत."

"बघू देत की."

गल्ली बघत होती. झुंबर खाली वाकला. बोटाने माझ्या एकेका चऱ्याला कुंकू लावू लागला. कारभारी काकांनी विचारलंच, "हा पाइप कसला हो?" आणि मग त्याला स्वतःच्या तोंडाने सगळं सांगावं लागलं. तार, तेल, ब्रेक, घाट, सगळं. तेव्हापासून हे दर दसऱ्याला होतं. गल्लीत दर वर्षी कुणी ना कुणी नवा भाडेकरू येतो, तो विचारतो आणि झुंबर सांगतो. कान लाल होतात त्याचे. तो माझ्यापुढे डोकं टेकतो तेव्हा त्याला माझ्यात आपलं तोंड दिसतं, चऱ्यांनी चिरलेलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर माळ जरूर घाला, पण दोऱ्याची आणि हँडलला. आणि घालण्याआधी वडिलांना म्हणा, जरा खाली वाकून पुढच्या पाइपावरून बोट फिरवा. बोट तेलकट झालं तर त्याच दिवशी मिस्त्री गाठा. नाही वाकले, तर आग्रह करू नका. आम्हाला घाई नसते. झुंबरही तेव्हा वाकला नव्हता. आता दर वर्षी वाकतो.