च्वांग मास्तरांचे पाच मासे

च्वांग मास्तरांनी चाळीस वर्षं शर्ट शिवले आणि सव्वीस वर्षं गप्पी मासे निवडून वाढवले. अर्धं अंग काळं कुळकुळीत आणि शेपटी दुधासारखी पांढरी, ही जात त्यांची. पांढरं टिकवणं म्हणजे खायचं काम नाही. जरा नजर हलली की दोन पिढ्यांत पिवळट झाक येते, आणि नुसतं शेपटीच्या मागे लागलं की पाठीला बाक येतो. म्हणून शंभरातले सहा ठेवायचे, उरलेले कासवाला घालायचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मला एक नर आणि दोन माद्या दिल्या, तेव्हा बजावलं होतं, "युए-चिन, हे बक्षीस नाही. माझ्याकडे काही बरंवाईट झालं तर मी परत मागायला येईन. तेव्हा तुझ्याकडे असले पाहिजेत."

तेव्हापासून आमची मागची गॅलरी काचांनी बंद, आत अठरा टाक्या आणि खोली गरम ठेवायला एक हीटर. नवरा म्हणायचा, "एक सासू नाही म्हणून सुटलीस, तर अठरा आणून बसवल्यास."

मास्तरांचे नियम दोनच. नवा मासा तीन आठवडे वेगळा ठेवायचा, आणि एका टाकीची जाळी दुसरीत घालायची नाही. एकदा मी घातली, तर त्यांनी फूटपट्टी उचलून माझ्या हातावर मारली. बेचाळीस वर्षांच्या बाईला! मला राग नाही आला. माझ्या बापानं कधी माझ्याकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं.

यंदा नववर्षाच्या दोन आठवडे आधी ते न कळवता आले. एका हातात संत्री, आणि कोटाच्या आत छातीशी धरलेली पाण्याची पिशवी. पिशवीत पाच मासे होते.

"तुझ्या माशांची पाठ कमजोर व्हायला लागलीय," ते म्हणाले. "माझ्याकडचं रक्त घाल त्यांत."

"मास्तर, कोपऱ्यातली टाकी रिकामी आहे. तीन आठवडे तिथे..."

"माझे मासे वेगळे ठेवणार तू?"

हसतच म्हणाले, पण पिशवी काही माझ्या हातात दिली नाही. ज्या माणसानं सगळं दिलं, त्याला तुमचे मासे रोगट असतील असं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनी स्वतःच पिशवी माझ्या सगळ्यांत चांगल्या माद्यांच्या टाकीत रिकामी केली. मग तिथलीच जाळी उचलली, बाही वर केली आणि दरवेळेसारखे टाकीटाकीपुढे उभे राहून परीक्षा घ्यायला लागले. "हा काढ. ही राहू दे. याचा कणा बघ, दिसत नाही का तुला?" जाळी एकच, टाक्या अठरा. मी वाडगा घेऊन मागे मागे. एकदा धीर करून तोंड उघडलं, तर बाहेर काय पडलं? "चहा ठेवू का?" मूर्ख बाई मी.

चौथ्या दिवशी माद्यांच्या शेपट्या मिटल्या, पार सुईसारख्या. पाण्याच्या वरच्या थरात लटकून थरथरायला लागल्या. मी मीठ घातलं, औषध घातलं, रोज अर्धं पाणी बदललं. पोटुशा माद्या आधी गेल्या, मग नर, मग पिल्लं. अकरा दिवसांत अठरा टाक्या रिकाम्या झाल्या. मी बादलीपाशी बसून हमसून हमसून रडले. नवऱ्यानं त्या दिवशी थट्टा केली नाही. बादली उचलून घेऊन गेला.

नववर्षाच्या चौथ्या दिवशी मास्तरांचा फोन आला. "पोरी, माझे सगळे गेले. ही थंडीची लाट सोसली नाही त्यांना. उद्या ये, एक नर आणि दोन माद्या घेऊन ये." मग म्हणाले, "तू आहेस म्हणून बरं."

आता काय सांगायचं? की तुमच्या माशांनी माझे मारले, तुमच्या हातातल्या जाळीनं? अठ्ठ्याहत्तरीचा माणूस. सव्वीस वर्षांचं काम आपल्याच हातानं संपवलं हे कळलं तर तो उठणार नाही. माझं तोंड फटकळ आहे, गल्लीत कुणालाही विचारा. पण हे बोलणं माझ्यानं होईना.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं गेले. आमच्या मासेवाल्यांच्या मंडळातले चौघे शुभेच्छा द्यायला आलेले, चहा चाललेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मास्तर, माफ करा. आम्ही दिवसभर बाहेर होतो आणि गॅलरीतला हीटर चालूच अडकून राहिला. पाणी तापून सगळे गेले. एकही राहिला नाही."

मला वाटलं, आता कोसळतील. पण त्यांचा चेहरा सैल पडला, पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं तसा. मग जे सुरू झाले! एकाच हीटरवर विसंबलीस, घर सोडून हिंडायला गेलीस, बाईच्या हाती जात द्यायलाच नको होती. चौघे माना खाली घालून ऐकत होते. मी म्हटलं, बोलू दे. बोलून जगतो आहे ना, मग बोलू दे.

स्वयंपाकघरात मास्तरांची बायको, आमच्या काकू, तांदळाच्या गोड वड्या तळत होत्या. त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "नको गं मनाला लावून घेऊस. आमचे तरी कुठे राहिले? शरदातल्या सणापासून मरत होते, शेपट्या मिटून मिटून. तुझ्याकडे आणले ते शेवटचे पाच. तेवढेच जरा सरळ पोहत होते."

"त्यांना माहीत होतं?"

"मी म्हटलं की, अहो, निदान पोरीला सांगा तरी. तर म्हणाले, तिच्या पाण्यात तरी वाचतील, पण सांगितलं तर ती टाकीत घेणार नाही."

मी तशीच बाहेर गेले.

"मास्तर, तुम्ही आणलेत ते पाच धडधाकट होते ना?"

चौघांनी माना वर केल्या. काकू वड्यांची बशी घेऊन दारात थबकल्या. मास्तरांनी पेला खाली ठेवला.

"धडधाकट होते," ते म्हणाले. "आजारी मासा माझ्या घरातून कधी बाहेर पडलेला नाही." मग चौघांकडे वळले. "हिला एवढ्यात कुणी मासे देऊ नका. मुका जीव आहे, हलगर्जीपणा चालत नाही."

चौघांनी मान डोलावली. हीटरचं मीच सांगितलं होतं, त्याच चौघांसमोर, आत्ता आत्ता. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी बशी मेजावर ठेवली आणि मागे न बघता आत गेल्या.

मास्तरांनी बशी माझ्यापुढे सरकवली.

"खा," ते म्हणाले. "गार होतील."

मी खाल्ल्या.