उदाहरण वाचून दाखवणारी

आत्याच्या लाँड्रीत संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं, की ठकू टेबलाखालचं स्टूल ओढून बसायची. आत्या शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडायची, इस्त्री फिरवायची आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून मोठ्याने वाचायची.

"दोन बहिणींच्या वयांची बेरीज सव्वीस. मोठी धाकटीपेक्षा चार वर्षांनी मोठी. तर..."

"धाकटी क्ष. अकरा आणि पंधरा. पुढचं?"

इस्त्रीखालची बाही अर्धीही झालेली नसायची. पोरीचं डोकं असं चालायचं, पण पुस्तक तिच्याच हाती दिलं की ती पहिल्या ओळीत अडकायची. अक्षरं जागा सोडून पळतात, असं ती म्हणे. सातवीत आली तरी तेच. तिचा बाप, म्हणजे आत्याचा भाऊ, "आळशी आहे" म्हणून हात झटकून मोकळा झाला होता.

वार्षिक परीक्षेच्या आधी आत्या शाळेत गेली. गणिताच्या बाईंना म्हणाली, "बाई, तिला कुणी नुसतं वाचून दाखवा हो. सोडवेल ती."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं. "डॉक्टरांचा दाखला लागतो. अर्जाची मुदत टळून गेली. आणि खरं सांगू का, शाब्दिक उदाहरण वाचता येणं हाच निम्मा पेपर असतो."

आत्या उठली.

निकालाच्या दिवशी बाईंनी पेपर आत्यासमोर ठेवला. क्षेत्रफळ नाही, परिमिती नाही, कुठे क्षसुद्धा नाही. प्रत्येक उदाहरणातले दिसले तेवढे आकडे ठकूने उचलले होते आणि त्यांची बेरीज केली होती. एका ठिकाणी वयांची बेरीज आणि वयांतला फरकही तिने एकमेकांत मिळवला होता. खाली दोन रेघा मारून उत्तर, तेही सुवाच्य अक्षरात. आत्याला वाटलं, रिकामा पेपर असता तर एक वेळ परवडलं असतं.

पुढच्या वर्षी ठकूला बीजगणित नसलेल्या तुकडीत घालायचं ठरलं. बापाने सही केली.

घरी आत्याने पुस्तक उघडलं. "ये, वाचते मी. आपण दाखला काढू, पुन्हा विचारू."

"नको."

"अगं, तुला येतं सगळं!"

"मला काही येत नाही." ठकू भिंतीकडे बघत होती. "वाचताना तूच उत्तर सांगतेस. तुझ्या आवाजावरून कळतं मला."

"मी? मला तो क्ष कशाशी खातात तेही माहीत नाही गं!"

"तुलाही येत नाही, मग मी कशी सोडवली असती?"

आत्याने पुस्तक मिटलं. उदाहरणं खरंच ठकूने सोडवली होती, याला या दोघींखेरीज साक्षीदार नव्हता, आणि त्यातल्या एकीने आता साक्ष फिरवली होती.

ठकू त्यानंतरही लाँड्रीत यायची. घड्या घालायची, चिमटे लावायची, विचारलं तेवढंच बोलायची. आत्याने एकदा सहज म्हणून एक उदाहरण तोंडी घातलं. ठकूने हातातल्या चादरीची घडी मोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.