दुसरा साक्षीदार

चकतीच्या उजव्या कडेला एक दुधी पट्टा होता. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर, रुंदी केसाएवढी. दिवा तिरका धरला तरच तो दिसायचा, सरळ धरला की नाहीसा व्हायचा. गेले अकरा दिवस ती तो रोज पाहत होती आणि रोज दिवा सरळ करून चकती डबीत ठेवत होती.

"मॅडम, बघून बघून झिजवाल ती चकती," फिटर म्हणाला. पांढऱ्या पोशाखातून त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि तेही हसत होते. "आज अकरा वाजता कायमचं झाकण लावायचंय. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुमचीच काय ती राहिलीय."

"देते रे. जीव खाऊ नकोस."

खोलीच्या मधोमध दुर्बीण उभी होती. बहुतेक अतिनील प्रकाश हवेतून जमिनीपर्यंत पोचत नाही. तो पाहायचा तर वरच जावं लागतं. वर फिरणारी जुनी दुर्बीण आता शेवटच्या घटका मोजत होती. रॉकेट सहा आठवड्यांनी सुटणार होतं. त्यानंतरचं, मिळालंच तर, पाच वर्षांनी.

मोठ्या आरशावरचा लेप तिच्या हातचा. दमट हवेत तो खराब होतो, म्हणून दुर्बिणीत सतत कोरडा नायट्रोजन सोडलेला असे. बसवलेला आरसा दरवेळी काढून मोजता येत नाही. त्यासाठी त्याच्याबरोबरच लेप दिलेल्या दोन चकत्या आत ठेवल्या होत्या, एक दुर्बिणीच्या तोंडाशी, दुसरी आत, आरशाला खेटून. सगळे त्यांना साक्षीदार म्हणत. आरशाचं जे होईल ते त्यांचंही होणार.

दोन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी, झाकण उघडून सगळ्यांचा फोटो काढला होता. इतकी माणसं आत, कुणी गुदमरू नये म्हणून तिने नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बंद केला. झाकण उघडताच ठणाणा करेल म्हणून दमटपणाचा भोंगाही बंद केला. तेवढ्यात ताईचा फोन आला, आई पडली म्हणून. ती तशीच इस्पितळात धावली. सोमवारी आली तेव्हा व्हॉल्व्ह तसाच बंद होता. तिने तो गुपचूप उघडला. कुणी काही विचारलं नाही.

तोंडाजवळची, दुधी पट्ट्याची चकती तिने त्याच दिवशी मोजली. पूर्वी शंभरातले ब्याऐंशी किरण परतायचे, आता चोपन्न. हिलाच हवा लागली असेल, आतला आरसा ठणठणीत असेल, असं तिने स्वतःला बजावलं. दुसरी चकती मोजायचा धीर मात्र झाला नाही.

"अगं, मग दुसरी मोज की," ताई काल म्हणाली. "तुझं हे लहानपणापासूनचं. निकालाच्या दिवशीच नेमकं पोट दुखायचं."

"आणि तीही गेली असली तर?"

"तर ती आधीच गेलीय. तू मोजल्याने थोडीच जाणार आहे?"

दहा वाजून दहा मिनिटांनी तिने आतली चकती काढली, मोजणीच्या पेटीत ठेवली, पंप लावला. हवा निघायला वीस मिनिटं लागली. पडद्यावर आकडा उमटला: त्रेपन्न.

पेटी न उघडताच तिने चकती फिरवून पुन्हा मोजली. त्रेपन्न. दिवा बदलला, पुन्हा वीस मिनिटं थांबली. बावन्न.

ती स्टुलावर बसून राहिली.

"काय गं पोरी, झालं का?" मास्तर आत आले. या दुर्बिणीचे प्रमुख, वय एकाहत्तर. पोशाख त्यांना दोन मापं मोठा झाला होता. सव्वीस वर्षं ते या दुर्बिणीमागे होते. "डॉक्टर म्हणतो, प्रवास टाळा. म्हटलं, बाबा रे, जास्त नको, सहा आठवडे ढकल. पहिलं चित्र बघतो, मग तू आहेस आणि मी आहे."

फिटर हसला. मास्तरही हसले, आणि हसता हसता टेबलाला धरून उभे राहिले.

"आणि रॉकेट चुकलं तर?" तिने विचारलं.

"तर पाच वर्षांनी मी वरूनच बघेन. दुर्बिणीची गरजच नाही." त्यांनी सहीचा कागद तिच्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं. अकराला पाच मिनिटं होती. फिटरने झाकणाची दोरी हातात घेतली.

तिने पेन उचललं आणि त्यांच्याच हातात परत दिलं.

"मास्तर, फोटोच्या दिवशी व्हॉल्व्ह मी बंद केला आणि तसाच ठेवून गेले. झाकण लावू नका. आरसा बाहेर काढावा लागेल."